खडखडणारी सबब

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नव्हती. ‘बघू की’, ‘सांगतो की’, ‘पुढच्या आठवड्यात या की’. नकार असायचाच, पण तो इस्त्रीचा सदरा घालून यायचा. या कलेत सिद्धलिंगप्पांचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. डाळी आणि शेंगांचे व्यापारी, कपाळाला विभूती, डोक्याला पांढरी टोपी; लहानथोर सगळे त्यांना आण्णा म्हणत. मंडळाची पोरं वर्गणीला आली की आण्णा त्यांना चहा पाजायचे, अभ्यासाची चौकशी करायचे, पाठीवर हात ठेवून दारापर्यंत सोडायला यायचे. आणि चौकात पोचल्यावर पोरांच्या ध्यानात यायचं, की आपण आलो तसेच चाललोय.

पण आण्णांनी मोटार घेतली आणि ही कला अपुरी पडू लागली.

गाडी अँबॅसिडर, रंग सायीसारखा. एका मिलचा मॅनेजर बदलून गेला, त्याच्याकडून घेतलेली. गल्लीत दुसरी मोटार नव्हती. आता पेठेचा हिशेब असा, की ज्याच्या घरी मोठं पातेलं त्याचं पातेलं लग्नाला न्यायचं आणि ज्याच्याकडे सतरंज्या त्याच्या सतरंज्या. पातेलेवाल्याला कुणी ‘द्याल का’ असं विचारत नाही. ‘कधी नेऊ’ एवढंच विचारतात. आण्णांची मोटार दारात उभी राहिली त्याच दिवशी ती पातेल्यांच्या खात्यावर जमा झाली. फक्त ते आण्णांना कुणी कळवलं नव्हतं.

त्यातून बहात्तरचा दुष्काळ ओसरला. पुढे ढकललेली लग्नं एकदम बाळसं धरून उठली. पूर्वी घोड्यावर समाधान मानणारे नवरदेव आता मोटारीशिवाय बोहल्याकडे बघेनात. पहिल्या मोसमात आण्णांनी गाडी दिली. परत यायची तेव्हा तिच्यात दर वेळी काहीतरी वाढलेलं असायचं आणि काहीतरी घटलेलं. वाढलेलं म्हणजे सीटवरची हळद, टपावरचा गुलाल, पायाखालच्या केळीच्या साली. घटलेलं म्हणजे पेट्रोल. एकदा तर अक्षतांची ज्वारी मागच्या सीटच्या फटीत गेली, तिच्यावर हारांचं पाणी गळलं, आणि आठवड्याभराने आण्णांची पत्नी चंद्रव्वा गाडीत बसायला गेल्या तर फटीतून हिरवा कोंब डोकावत होता.

“दुष्काळात शेतात काय उगवलं नाही,” चंद्रव्वा म्हणाल्या, “मोटारीत मात्र पीक बरं आहे.”

आण्णा हसले नाहीत. त्यांना त्या कोंबात पुढच्या सगळ्या मोसमांचं पीक दिसत होतं.

वाट दाखवली ती गाडीनेच. थंडीतल्या एका सकाळी गाडी चालू केली तर इंजिनाच्या तोंडाशी खडखड सुरू झाली. सुपात वाळल्या शेंगा हलवाव्यात तशी. आण्णा गाडी घेऊन अक्कलकोट नाक्याजवळ जोतीरामच्या गॅरेजात गेले. जोतीराम मूळचा मोहोळचा. हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं. पान लावून तो बोलायला लागला की समोरचा आपली गाडी कुठे दुखते हे विसरून जायचा.

“टायमिंग चेन हाय ही, आण्णा,” बॉनेटमध्ये कान घालून तो म्हणाला. “खालचा दांडा फिरला की वरच्या दांड्याला बरोबर फिरवायचं, एवढंच हिचं काम. सायकलीची चेन कशी लोंबती, तशी लोंबाय लागली. आता गार असताना वाजती, तेल चढलं की गप हुती. पुढं गरमबी वाजंल. मग एकांदा दाता सोडंल, गाडी चढाला धापा टाकंल. आन मग एक दिवस तुटंल. तुटली की जाग्यावर. देवाला हाका मारून उपेग न्हाय.”

“आधीच्या सायबानं कधी बदलली होती?”

“ते त्या सायबाला इचारा. मी तर म्हंतो, जुनी गाडी घेतली की पयलं हेच बगावं. आता बदलाच.”

“नाही बदलली तर कधी तुटेल?”

“दिवाळीच्या आत,” जोतीराम छातीठोकपणे म्हणाला.

आण्णा ‘बघू की’ म्हणून घरी आले. दारात एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नाला गाडी मागायला येऊन बसले होते. आण्णांच्या तोंडून, काही ठरवलेलं नसताना, खरं तेच निघून गेलं.

“न्या की. तुमचीच गाडी आहे. पण तिची टायमिंग चेन लोंबलीय म्हणतात. वाटेत नवरदेवासकट बंद पडली तर…”

गृहस्थांच्या हातातला कप बशीवर वाजला. नवरदेवाची गाडी वाटेत थांबणं म्हणजे केवढा अपशकुन! “नको, नको, आण्णा! बरं झालं सांगितलंत. देवच पावला.” आणि आण्णांचे आभार मानून ते निघून गेले.

आण्णा बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी नकाराला कपडे चढवले होते. इथे नकार द्यावाच लागला नाही. मागणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने उचलून नेला, वर आभार मानले. आणि सगळ्यात गोड गोष्ट अशी, की यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलायला आण्णा कचरत नसत, पण खोटं लक्षात ठेवावं लागतं. हे खरं मात्र रोज सकाळी आपलं आपण वाजत होतं.

त्या दिवसापासून चेन बदलायचा विषय संपला.

पुढचा प्रसंग वीरभद्रप्पांचा. तीन घरं सोडून राहायचे, तेलाचा घाणा होता, आणि माणूस असा, की पंचांग वाचून दाखवलं तरी खिडकीतून चंद्र बघून खात्री करायचा. थोरल्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा ते गाडीसाठी आले आणि चेनची गोष्ट ऐकून हलले नाहीत.

“तोंडी नको, आण्णा. दाखवा.”

आण्णा त्यांना आनंदाने गॅरेजात घेऊन गेले. जोतीरामने डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली आणि गाडीच्या पुढच्या तोंडात हँडल घातलं.

“हे बगा मालक. मी हँडल हळूहळू फिरवतो. तुमी हितं आत बगा, ही लहान फिरकी. फिरली का?”

“नाही,” वीरभद्रप्पा वाकून म्हणाले.

“आता?”

“नाही.”

“आता?”

“आत्ता हलली.”

“हां! हँडल एवढं फिरलं तवा कुटं फिरकीला निरोप पोचला. मदली सगळी ढील चेनची. चेन नवी असती तर हँडलासंगट फिरकी हलली असती. तुटली म्हंजे हँडल कितीबी फिरवा, फिरकी ढिम्म.”

“जरा मोठ्यानं सांगा, जोतीराम,” आण्णा म्हणाले. “यांना एका कानानं कमी येतं.”

“मला दोन्ही कानांनी चांगलं येतं,” वीरभद्रप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः हँडल हातात घेतलं, मागे-पुढे हलवून पाहिलं, फिरकीकडे पाहिलं, पुन्हा हलवलं. मग हात पुसत म्हणाले, “खरं आहे. टांगा सांगतो.”

ते गेल्यावर जोतीरामने पाना उचलला. “सोडू का मग पुढचं समदं? बदलून टाकू.”

“काय बदलून?”

“चेन!”

“अहो, कशाला? चांगली वाजतीय की.” आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जोतीराम, ही चेन बदलली तर गाडी माझी राहील का? या मोसमात सगळ्या पेठेची लग्नं आहेत.”

“पर तुटंल की, आण्णा.”

“कधी?”

“दिवाळीच्या आत.”

“यंदाच्या दिवाळीच्या की पुढच्या?”

जोतीराम पोट धरून हसला, आणि तिथंच तो या धंद्यात भागीदार झाला. पुढे आण्णा कुणाला घेऊन आले की त्यांच्या गाडीचा आवाज ऐकूनच जोतीराम चेहरा पाडायचा. गिऱ्हाइकासमोर अशी मान हलवायचा, की सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरनेही शिकून घ्यावी.

वीरभद्रप्पांच्या मुलाची वरात टांग्यातून निघाली. बॅंड वाजत होता, नवरदेव तलवार सावरत होता, आणि चौकात नेमकी समोरून आण्णांची अँबॅसिडर आली. मोहोळहून, शेंगांची पोती भरून, मागची चाकं पार खाली दबलेली. वरातीने वाट दिली. टांग्यापुढे चालणाऱ्या वीरभद्रप्पांनी खिडकीत डोकं घातलं.

“काय आण्णा, जुळली का चेन?”

“जपून, जपून चालवतोय!” आण्णा म्हणाले आणि गाडी जरा जोरातच काढली.

पेठेने त्या दिवशी एक नोंद केली, की आण्णांची चेन नवरदेवाला वाजते, पोत्याला वाजत नाही. तोंडावर अर्थात कुणी बोललं नाही. तशी पद्धतच नव्हती.

दोन दिवाळ्या गेल्या. चेन वाजत राहिली, तुटली नाही. जोतीरामच्या भाकितांवर आण्णांचा उरलासुरला विश्वास उडाला. आणि अशात जगदेवीला स्थळ आलं.

जगदेवी आण्णांची एकुलती एक. बी.ए. झालेली, बापासारखीच हसतमुख आणि बापासारखीच नकाराला पक्की. आलेली मुलं तिने एकेक करून चहापाण्यासह वाटेला लावली होती. पण अक्कलकोटचा शिवशरण आला, कॉलेजात शिकवणारा, बोलताना चष्मा पुसत राहणारा, आणि जगदेवी पोह्यांची बशी त्याच्या हातात देऊन आत यायची विसरली. चंद्रव्वांनी स्वयंपाकघरातून खाकरून पाहिलं. पोरगी जागची हलली नाही.

“ही सोयरीक मोडायची नाही,” चंद्रव्वांनी त्या संध्याकाळी नवऱ्याला बजावलं. “काय वाट्टेल ते होवो. पोरीनं पहिल्यांदा मान हलवलीय.”

“कोण मोडतंय? मुलाचे वडील चन्नप्पा आपल्याच धंद्यातले. माणूस रोकडा आहे.”

“आणि मुलाचा मामा माहीत आहे का कोण? वीरभद्रप्पा.”

आण्णांचा झोपाळा थांबला. अक्कलकोटकडच्या घरांमध्ये बाप सुपारी आणतो, पण ती फोडायची की नाही हे मामा सांगतो.

“आता तरी ती साखळी बदला,” चंद्रव्वा म्हणाल्या.

“उलट,” आण्णा म्हणाले. “आत्ता बदलली तर ते म्हणतील, आमच्या वेळी बदलली नाही, आता कशी बदलली? आणि…” त्यांनी आवाज खाली आणला. “व्याही झाले की वरातीला गाडी मागणार. मग धाकट्याच्या लग्नाला. मग चुलत्याच्या. एकदा लग्न होऊ दे. मग बघू.”

चंद्रव्वा त्यांच्याकडे बघत राहिल्या. “पोरीच्या सासरच्यांनाही चेनच वाजवून दाखवणार?”

“आपण काय खोटं बोलतोय का?” आण्णा म्हणाले.

सुपारी फोडायला गुरुवार ठरला. मुलाकडे अक्कलकोटला, दुपारचा राहुकाळ लागायच्या आत. आदल्या दिवशी आण्णा हवा भरायला गॅरेजात गेले, तर जोतीराम आवाज ऐकून बाहेर धावत आला. आज त्याने चेहरा पाडला नव्हता. चेहरा पडलेलाच होता.

“आण्णा, गरमबी वाजाय लागली की! कवापासनं?”

“झाले असतील आठ-दहा दिवस.”

“चढाला वडती का?”

“जरा धापा टाकते. वय झालं तिचं.”

जोतीरामने हँडल घालून जरा फिरवलं, तोच हँडल उलटं उसळलं आणि तो मनगट धरून खाली बसला. “दाता सोडलाय हिनं! आण्णा, ठेवा गाडी हितं. उद्या न्हेऊ नका. पाया पडतो.”

आण्णांनी मागे वळून पाहिलं. मग डावीकडे, उजवीकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“जोतीराम, आज माझ्याबरोबर कुणी आलं नाही.”

“आँ?”

“म्हणजे आज सांगायची गरज नाही.”

“कोन न्हाय म्हनूनच सांगतोय न्हवं!” जोतीराम कळवळून ओरडला.

आण्णांनी कौतुकाने मान हलवली. सवय लागली बिचाऱ्याला, त्यांना वाटलं. रोज नाटकात रडणारा माणूस घरीही रडतो. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ‘लग्न झालं की बघू’ म्हणाले आणि हवा भरून निघाले.

गुरुवारी सकाळी गाडीत मागे चंद्रव्वा, शेजारी सीटवर शेंगापोळ्यांची टोपली, नारळ, साखर, आणि खणात बांधलेली सुपारी. जगदेवी गाडीच्या दारापर्यंत आली. तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं, जे आधीच नीट होतं.

वळसंग मागे पडलं तशी खडखड फार वाढली. चंद्रव्वांनी पदर कानावर घेतला. मग एका वळणावर ‘कट्’ असं काहीतरी झालं आणि खडखड एकदम थांबली.

“बघ,” आण्णा मागे वळून म्हणाले. “आपली आपण गप झाली.”

मग त्यांच्या ध्यानात आलं, की खडखडीबरोबर इंजिनही गप झालंय. गाडी राहिलेल्या वेगाने घरंगळत चिंचेच्या झाडाखाली गेली आणि उभी राहिली. आण्णांनी चावी फिरवली. इंजिन रिकाम्या घाण्यासारखं भलतंच सैल फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

अक्कलकोटकडे जाणारा एक राजदूत फटफटीवाला थांबला. निघाला चन्नप्पांच्याच आळीतला. आण्णांनी घाईघाईने निरोप सांगितला, “म्हणावं, गाडीची टायमिंग चेन तुटलीय, वळसंगच्या पुढं अडकलोय. थांबा म्हणावं, एसटी मिळाली की येतोच.” राजदूत धूळ उडवत गेला.

“काय निरोप दिलात?” चंद्रव्वांनी विचारलं.

“काय म्हणजे? खरं तेच.”

“हा निरोप तिथं वीरभद्रप्पा ऐकणार आहेत.”

आण्णांच्या टोपीखाली घाम फुटला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. राजदूत केव्हाच दिसेनासा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तळमळून वाटलं, की पंक्चर म्हणायला हवं होतं. पंक्चरवर कुणीही विश्वास ठेवला असता.

एसटी आली ती दरवाजापर्यंत भरलेली, थांबलीच नाही. दुसरीची वाट बघण्यात ऊन माथ्यावर आलं. आणि अक्कलकोटकडून एक तेलकट टेंपो येऊन समोर उभा राहिला. त्यातून आधी चन्नप्पा उतरले, उंचेपुरे, खांद्यावर पंचा. आणि मागोमाग वीरभद्रप्पा. नवा कोट, जरीचा रुमाल, आणि चेहऱ्यावर जुनं समाधान.

“बर्री, बर्री,” चन्नप्पांनी कानडीत ‘या, या’ म्हणत हात जोडले, पण मोजून. “आमचे मेहुणे म्हणतात, उठा, जेवणं आटपा, सोयरीक संपली. सिद्धलिंगप्पांनी चेन सांगितली म्हणजे त्यांना द्यायचं नसतं. मी म्हटलं, पोतं उघडून बघितल्याशिवाय मी माल परत करत नाही.”

“शप्पथ, चन्नप्पा! खरंच तुटलीय हो!”

“माझ्या पोराला टांग्यात बसवलं तेव्हाही खरंच होती,” वीरभद्रप्पा म्हणाले. “आणि वरातीच्या दिवशीच पोती वाहत होती.”

“तुम्ही स्वतः बघितली होती की!”

“तशीच आजही बघतो.” वीरभद्रप्पांनी कोट काढून चंद्रव्वांपाशी दिला. “बॉनेट उघडा. हँडल काढा.”

आण्णांनी बॉनेट उघडलं. वीरभद्रप्पांनी जोतीरामच्या थाटात डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, चन्नप्पांना वाकायला लावलं आणि हँडल घातलं. “दाजी, ही लहान फिरकी बघा. फिरली का?”

“नाही.”

“आता?”

“नाही.”

वीरभद्रप्पांनी हँडल पुरं फिरवलं, मग आणखी एकदा, मग कपाळावर घाम येईपर्यंत फिरवत राहिले. फिरकी ढिम्म. ते सरळ उभे राहिले. दोन वर्षं जपून ठेवलेला राग हातातून निसटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“तुटलीय,” ते म्हणाले. “खरंच तुटलीय.”

“बघा!” आण्णांनी हात वर केले. “मी म्हणत नव्हतो? तेव्हापासून म्हणतोय!”

आणि बोलल्याबरोबर त्यांना वाटलं, की आपण गप्प बसायला हवं होतं. कारण चन्नप्पा त्यांच्याकडे असे बघत होते, जसे आण्णा ओल्या शेंगांकडे बघायचे.

“म्हणजे दोन वर्षं तुम्हाला ठाऊक होतं, ही तुटणार,” चन्नप्पा सावकाश म्हणाले. “दुसऱ्याच्या नवरदेवाला अपशकुन होईल म्हणून सांगत होता. आणि आमच्याकडे सुपारीला निघताना हीच गाडी काढली. म्हणजे तेव्हा खोटं बोलत होता, नाही तर आज आमच्या घराला अपशकुन चालेल असं तुम्हाला वाटलं. दोन्हीतलं काय धरू, सिद्धलिंगप्पा?”

आण्णांनी तोंड उघडलं. ‘बघू की’ जिभेवर आलं, पण ते इथे लागू पडत नव्हतं. ‘सांगतो की’ हेही नाही. ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात सोयरीक नव्हती. गाडीच्या दाराशी उभी राहून फडकं नीट करणारी पोरगी त्यांना दिसली.

“चेन खरी होती,” ते शेवटी म्हणाले. कधी नव्हे तो आवाज बारीक झाला होता. “मला गाडी द्यायची नव्हती. म्हणून बदलली नाही. दुसऱ्यांना सांगता सांगता… माझाच तिच्यावर विश्वास उरला नाही.”

चिंचेवर कावळा ओरडला. चन्नप्पांनी पंच्याने तोंड पुसलं, आणि त्या पंच्याआड ते हसतायत की काय, हे आण्णांना समजेना.

“राहुकाळ लागायला आला,” चंद्रव्वा टोपलीवरचं फडकं काढत म्हणाल्या. “ही गाडी वाटेत अडली म्हणून तुम्ही अपशकुन म्हणता. मी म्हणते, देवानं ती इथं उभी केली, व्याही इथं आले, मामा इथं आले, सुपारी इथं आहे. मग अजून कुठं जायचंय? बॉनेट लावा आणि फोडा.”

चन्नप्पांनी मेहुण्याकडे पाहिलं. सुपारीचा हुकूम मामाचा.

वीरभद्रप्पांनी तेलकट हात चिंचेच्या पाल्याला पुसले. घाई केली नाही. हा क्षण त्यांना परत मिळणार नव्हता.

“एका अटीवर,” ते म्हणाले. “चेन नवी. वरातीला हीच गाडी. आणि आषाढाच्या आत माझ्या धाकट्याचं लग्न आहे. त्यालाही हीच.”

“न्या की,” आण्णा म्हणाले. त्यापुढे ‘पण’ आला नाही. चंद्रव्वांनी दचकून नवऱ्याकडे पाहिलं.

सुपारी बॉनेटवर फोडली. शेंगापोळ्या रस्त्याच्या कडेला उभ्यानेच खाल्ल्या. मग टेंपोने अँबॅसिडरला दोर बांधला आणि सोलापूरच्या दिशेने ओढत नेलं. आण्णा स्टिअरिंगवर, शेजारी वीरभद्रप्पा. कुंभारी गाव आल्यावर वीरभद्रप्पा म्हणाले, “आवाज मात्र छान बंद झाला.”

जोतीरामने नवी चेन घातली. जुनीचे तुकडे त्याने टेबलावर अशा थाटात मांडले, की जणू त्यानेच ते तोडून दाखवले होते. “म्हनलं हुतं का न्हाय?” तो येईल त्याला सांगायचा. दिवाळीचा उल्लेख त्याने टाळला.

गाडी आता अशी चालू लागली, की मांडीवर झोपलेलं मूलही जागं होऊ नये. आणि पेठेने ते ऐकलं; म्हणजे काही ऐकू येत नाही हे ऐकलं. दुसऱ्याच दिवशी पहिला माणूस आला. “आण्णा, कधी नेऊ?” दोन मोसमांची थकबाकी पेठेने एका उन्हाळ्यात वसूल केली. बॅंडच्या चालीने, पावलापावलाने, क्लच अर्धा दाबून गाडी वरातींमागून वरातींत फिरत राहिली, आणि आण्णा पायी मार्केटात जात राहिले. जगदेवी त्याच गाडीतून सासरी गेली. वळसंगच्या पुढच्या चिंचेखाली शिवशरणने गाडी मुद्दाम थांबवायला लावली, आणि दोघं हसली म्हणे. आण्णांना हे नंतर कळलं. थांबवल्याचं ऐकूनच काळजाचा ठोका चुकला, एवढंच ते म्हणाले.

वीरभद्रप्पांच्या धाकट्याची वरात उरकली आणि गाडीतून जळका वास येऊ लागला. आण्णा गॅरेजात गेले. जोतीरामने गाडी थोडी पुढे-मागे करून पाहिली.

“आता टायमिंगकडं कैक वर्सं बगाय नको, आण्णा. पर वरातींनी क्लच प्लेट खाल्ली. असंच चालत ऱ्हायलं तर दिवाळीच्या आत…”

आण्णांनी मागे वळून पाहिलं. मग डावीकडे, उजवीकडे. समोरच्या टपरीवर चहा पिणारे दोघे पेठेतलेच होते, आणि त्यातल्या एकाच्या घरी लग्न होतं. आण्णांच्या डोळ्यात जुनी चमक आली. जोतीरामने ती ओळखली आणि चेहरा पाडायला घेतला.

मग चिंचेखालचा फिरकीचा ढिम्मपणा आण्णांना आठवला असावा.

“बदला,” ते म्हणाले. “आजच्या आज.”

जोतीराम पाना घेऊन गाडीखाली शिरला. आण्णा घराकडे निघाले, चार पावलं गेले आणि परत आले. गाडीखाली वाकून, टपरीवर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

“जुनी प्लेट टाकू नका हो, जोतीराम. कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. दाखवायला असलेली बरी.”